सगळंच फुकट, मग जायचं कशाला? विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातले कार्यक्रम

विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाचं महिन्याचं कार्यक्रमपत्रक हातात आलं की आधी गोंधळच उडतो. दालनातली फेरी, क्युरेटरशी गप्पा, चित्रकाराचं व्याख्यान, रेखाटनाची दुपार, मुलांचा रविवार, संध्याकाळचं संगीत. सगळ्यांपुढे एकच शब्द: विनामूल्य. एरवी तिकिटाचा आकडा बघून निम्मी निवड आपोआप होते, इथे ती सोय नाही. मग माणूस ज्याच्यापुढे सगळ्यात मोठं नाव छापलंय त्या व्याख्यानाला जाऊन बसतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. आता मी एकच गोष्ट बघते: त्या तासाभरात मी कलाकृतीसमोर किती वेळ असणार आहे?

एकटं गेल्यावर हा वेळ फार थोडा असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एका कलाकृतीपुढे लोक सरासरी २७ सेकंद थांबत होते, आणि निम्मे लोक तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकत होते. आपण त्यातले नाही असं प्रत्येकाला वाटतं. मला तर पक्कं वाटायचं.

आधी फेऱ्यांकडे बघू, कारण त्यांच्यातच निवड चुकते. पत्रकात दोन फेऱ्या सारख्याच दिसतात: एक विद्यार्थी घेतो, दुसरी क्युरेटर (संग्रह सांभाळणारा, प्रदर्शन मांडणारा) किंवा संवर्धक (कलाकृतींची निगा आणि दुरुस्ती करणारा) घेतो. साहजिकच दुसरी जास्त वजनदार वाटते. पण नवख्या माणसाने पहिलीला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हार्वर्डच्या संग्रहालयांत विद्यार्थी-मार्गदर्शक आपली फेरी स्वतः आखतात, म्हणजे विषय त्यांचा आणि कलाकृतींची निवडही त्यांची. अशा फेरीत तीन-चारच वस्तू असतात आणि मार्गदर्शक सांगण्यापेक्षा विचारतो जास्त. या विचारण्याचीही एक रीत आहे. मानसशास्त्रज्ञ अॅबिगेल हाउसन आणि संग्रहालय-शिक्षक फिलिप येनावाइन यांनी घडवलेल्या पद्धतीत प्रश्न तीनच आहेत: या चित्रात काय चाललंय? असं म्हणायला तुम्हाला चित्रात काय दिसलं? आणखी काय सापडतंय? ऐकायला पोरकट वाटतात, पण दुसऱ्या प्रश्नाला भलेभले अडखळतात. ‘बाई उदास आहे’ म्हणणं सोपं, ती उदासी नेमकी कुठे दिसली ते बोट ठेवून दाखवणं अवघड.

विद्यार्थी कधी अडतो आणि ‘हे मला माहीत नाही’ असं सरळ म्हणतो. मला त्याचं काही वाटत नाही. क्युरेटर सहसा अडत नाही, आणि म्हणून समोरचे लोक गप्प होऊन ऐकत राहतात.

तरी क्युरेटरची फेरी सोडू नका, फक्त नंतर जा. प्रदर्शन एकदा स्वतः पाहून झालेलं असलं की तिच्यात जीव येतो. हे चित्र याच भिंतीवर का, इथवर आलं कसं, वार्निशखाली काय निघालं, हे फलकावर कधीच नसतं. त्यातही संवर्धक बोलणार असेल तर माझी पसंती त्याला. हार्वर्डमधल्या, अमेरिकी चित्रकार मार्क रॉथकोच्या भित्तिचित्रांचंच बघा. १९६० च्या दशकात ती जेवणाच्या दालनात लागली आणि उन्हाने त्यातला एक लाल रंग उडाला. वर नवा रंग चढवायचा तर मूळ चित्रालाच हात लागणार. म्हणून २०१४ च्या प्रदर्शनात प्रोजेक्टरने बिंदूबिंदूवर हिशेबाने प्रकाश टाकून उडालेला रंग डोळ्यांपुरता परत आणला. रोज दुपारी चारला हे दिवे बंद व्हायचे आणि लोकांना खरी, विटलेली चित्रं दिसायची. असं काही चित्रासमोर उभं राहून ऐकण्यात जी मजा आहे, ती पडद्यावर बघण्यात नाही.

याच कारणाने सभागृहातलं व्याख्यान माझ्या यादीत खाली घसरलंय. खुर्ची मऊ, अंधार छान, पडद्यावर चित्रं, आणि खरी चित्रं दोन मजले वर कुलूपबंद. बऱ्याच व्याख्यानांचं ध्वनिचित्रमुद्रण नंतर बघायलाही मिळतं. स्वतः कलावंत बोलणार असेल आणि प्रश्नोत्तरांना खरोखर वेळ ठेवला असेल, तर जा. नाहीतर घरी बसून बघा.

रेखाटनाची दुपार आणि ‘सावकाश बघण्याचं’ सत्र ही जोडी बरोबर उलटी: इथे बोलणं जवळजवळ नसतंच. रेखाटनाला आपल्याला घडीचं स्टूल, कागदाच्या पाठीमागे धरायला पुठ्ठा आणि पेन्सिल मिळते. शाई आणि ओले रंग दालनात चालत नाहीत. ‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणून लोक टाळतात, पण मलाही येत नाही. एकदा दगडी मूर्तीचा नुसता डावा हात अर्धा तास काढत बसले होते. कागदावर उमटला तो कांद्याच्या जुडीसारखा. पण विसाव्या मिनिटाला लक्षात आलं की अंगठ्याचा दगड बाकी हातापेक्षा किंचित पिवळट आहे आणि मुळाशी केसाएवढी रेघ आहे. अंगठा नंतर बसवलेला होता. त्या मूर्तीवरून मी त्याआधी निदान दहा वेळा गेले असेन.

सावकाश बघण्यात हातात पेन्सिलही नसते, आणि बेचैन माणसाला ते जड जातं. हार्वर्डच्या कला-इतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एका चित्रासमोर तीन तास बसवतात. अठराव्या शतकातला अमेरिकी चित्रकार कॉपली याच्या ‘उडती खार घेतलेला मुलगा’ या चित्रासमोर त्या स्वतः बसल्या तेव्हा मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटावरच्या केसांच्या झालरीशी जुळतो हे दिसायला त्यांना नऊ मिनिटं लागली. आपल्यासाठीच्या सत्रात तीन तास कोणी बसवत नाही. पण दहा मिनिटंसुद्धा जड जातील असं वाटत असेल तर रेखाटन घ्या, हात गुंतला की डोळाही टिकतो.

आणि आता जे पत्रकात बहुतेक नसतंच ते: अभ्यासकक्ष. कागदावरची चित्रं उजेडाने खराब होतात. म्हणून ती साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मंद उजेडात काही महिने टांगतात आणि मग वर्षानुवर्षं पेटीत ठेवतात. त्यामुळे संग्रहातला मोठा भाग भिंतीवर दिसतच नाही. पण अभ्यासकक्षात मागणी करून तो बघता येतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अॅश्मोलियन संग्रहालयामध्ये इटालियन चित्रकार राफाएलच्या रेखाचित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे, आणि तिथल्या मुद्राचित्र-कक्षात, म्हणजे छापचित्रं आणि रेखाचित्रं ठेवलेल्या अभ्यासकक्षात, आधी वेळ ठरवून कोणीही जाऊ शकतं. हार्वर्डच्या कला-अभ्यास केंद्राचंही तसंच. तिथे संशोधक असण्याची अट नाही.

मी पहिल्यांदा अशा एका कक्षात गेले तेव्हा आपल्याला कोणीतरी हाकलणार अशी धाकधूक होती. तसं काही झालं नाही. बॅग कपाटात, हात धुऊन कोरडे, टेबलावर फक्त पेन्सिल. तिथल्या मुलीने पेटीतून एक अम्लरेखन, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून घेतलेला छाप, काढून उतरत्या ठोकळ्यावर ठेवलं आणि दिवा तिरपा केला. तांब्याच्या पत्र्याची कड कागदात रुतलेली चौकट होऊन उठून दिसली. काचेआड हे कधी दिसलं नव्हतं. मग तिने कागद उलटला. मागे कोणीतरी तपकिरी शाईत बेरीज मांडली होती, आणि ती चुकलेली होती.

फेरीशी तुलना केली तर इथे शिकवायला कोणी नाही. काय बघायचं ते आपल्यालाच ठरवून यावं लागतं, आणि तेही दोन-तीन आठवडे आधी. ज्याला आयतं हवंय त्याने विद्यार्थ्याबरोबरच जावं.

मुलांचे रविवार मुलांसाठी उत्तमच. मुलं नसतील तर त्या दुपारी दालनांत पाऊल टाकू नका. संगीताच्या संध्याकाळी ऐकायला जावं, बघायला नाही.

‘विनामूल्य’ या शब्दाखाली मात्र एकदा नीट बघा. कार्यक्रम फुकट असला तरी दालनाचं तिकीट वेगळं असू शकतं. हार्वर्डने प्रवेश सगळ्यांना मोफत केला तो २०२३ मध्ये, त्याआधी नव्हता. अॅश्मोलियनमध्ये प्रवेश फुकट, पण मोठ्या विशेष प्रदर्शनांना तिकीट आहे. विद्यार्थ्यांच्या फेऱ्या विद्यापीठाच्या सत्रावर चालतात, म्हणून परीक्षा आणि सुट्ट्यांत त्या बंद असतात. नोंदणी भरलेली दिसली तरी निघा. फुकटच्या नोंदणीला न येणारे पुष्कळ असतात आणि वेळेच्या पाच मिनिटं आधी दाराशी उभ्या असलेल्याला बहुधा आत घेतात.

अभ्यासकक्षासाठी पत्र लिहायचं तर ते दोन ओळींचं पुरतं. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीतून तीन-चार चित्रं निवडा, त्यांचे नोंदणी क्रमांक लिहा आणि कोणत्या दिवशी येऊ शकता ते सांगा. ‘का बघायचंय’ असं विचारलं तर ‘बघायचंय म्हणून’ एवढं उत्तर मला आजवर पुरलं आहे.