जॉर्डन १ की जॉर्डन ४: मुंबईच्या दमट हवेत कोणता जोड घ्यावा?

नाइकीच्या मायकल जॉर्डनच्या नावाच्या बास्केटबॉल बुटांपैकी हायलाइट्स बघून जीव जडतो तो जॉर्डन ४ वर. १९८९ च्या प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडविरुद्ध त्यांच्या क्रेग ईलोवरून जॉर्डनने मारलेली ती शेवटची बास्केट, आणि पायात काळा-लाल ४! पण मुंबईत त्याचं वैर थेट हवेशीच. मिडसोल, म्हणजे तळातला मधला गादीचा थर, पॉलियुरेथेन या फोमचा; ओलाव्याने तो आतून विघटित होतो. आधी भेगा, मग चुरा. खोक्यातला कोरा जोडही यातून सुटत नाही, त्यामुळे 'न वापरलेला' म्हणून जास्त पैसे मोजणं म्हणजे वेडेपणाच. सेकंडहँड घेताना आतल्या लेबलवरची निर्मितीची तारीख बघा. मग टाचेजवळ अंगठ्याने दाबा: भुसभुशीत लागलं किंवा रंगाला बारीक चिरा दिसल्या, तर सोडून द्या.

१९८५ मध्ये आलेला जॉर्डन १ इथे सरस. तळ रबरी, कडेने शिवलेला. नीट ठेवला तर वर्षानुवर्षं घालता येतो. चामड्यावर बुरशी मात्र दोन्हींना धरते. पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, ओल्या झाल्या की बदला.

खेळायला? दोन्ही नकोत. १ ची गादी पातळ, सिमेंटच्या कोर्टवर दोन उड्यांत गुडघे कुरकुरतात.