भडक हेडफोन की समतोल? आठवडाभराने कान काय म्हणतात

दोन हेडफोन समोर आहेत. एक भडक: कानावर चढवताच बास, म्हणजे खर्जाचे स्वर, छातीत घुमतो आणि झांजा लखलखतात. दुसरा समतोल, कुठलाच स्वर मुद्दाम न वाढवणारा; तो पहिल्यापुढे मिळमिळीत वाटतो. पाच मिनिटांत निवडायचं म्हटलं तर बहुतेक जण पहिला उचलतील. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे, मात्र सगळ्यांसाठी नाही.

या पाच मिनिटांत मेंदू हेडफोन मोजत नसतो, तो मघाशी ऐकलेल्या आवाजाशी तुलना करत असतो. चढा ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण स्वर) थोडा वेळ ऐकला की तोच नेहमीचा वाटू लागतो आणि त्यानंतरचा समतोल आवाज घोंगडीआडून आल्यासारखा भासतो. माझ्याकडे दोन्ही प्रकारचे हेडफोन आहेत. मी एकदा आठवडाभर फक्त समतोल वापरला. पहिल्या संध्याकाळी अगदी ओळखीचं गाणं भिंतीपलीकडे चाललंय असं वाटलं. चौथ्या दिवशी त्याच गाण्यात मागे वाजणाऱ्या तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू यायला लागल्या. आठव्या दिवशी भडक हेडफोन घातला, तर गायिकेचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ सुईसारखा टोचला. हेडफोन तेच होते, गाणंही तेच.

ही सवय किती खोल जाते, ते एका सुंदर प्रयोगातून कळतं. १९९८ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही जणांच्या कानाच्या पाळीत साचे बसवून तिचा आकारच बदलला. आवाज वरून येतोय की खालून, हे त्यांना सांगता येईना. काही आठवड्यांत मेंदू नव्या कानांनी दिशा ओळखायला शिकला. आणि साचे काढल्यावर जुनी ओळख जशीच्या तशी हजर होती, ती पुन्हा शिकावी लागली नाही. प्रयोग दिशेचा आहे, हेडफोनच्या टोनचा नाही. तरी पहिल्या दिवशीच्या नापसंतीवर निकाल देऊ नये, एवढं मी त्यातून घेतलं.

मग भडक हेडफोनचीही सवय होईलच की! होते. पण सवयीने आवाजाचा रंग नेहमीचा वाटू लागतो, झाकलं गेलेलं परत येत नाही. माझा कौल इथेच ठरतो. कानाच्या आत शंखाच्या आकाराचा ऐकण्याचा अवयव असतो, त्याच्या तोंडाशी उंच स्वर टिपले जातात आणि खोल टोकाशी खर्जाचे. त्यामुळे बासची लाट आत जाताना वरच्या स्वरांची जागा हलवतच पुढे जाते. ती फार जोरदार असेल तर वरचे नाजूक स्वर तिथेच झाकोळतात, मेंदूपर्यंत पोचतच नाहीत. जे पोचलंच नाही, त्याची सवय कशी होणार? टोकदार ट्रेबलचंही तसंच. त्याची चमक दोन दिवसांत जाणवेनाशी होते, पण तासाभराने कपाळाशी येणारा शीण माझा तरी कधी गेला नाही.

आता भडक हेडफोनची खरी जमेची बाजू. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवलं, की आवाज हळू असला की आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. म्हणून अगदी हळू ऐकणाऱ्याला समतोल हेडफोन पोकळ वाटेल आणि वाढीव बास भरीव वाटेल. प्रवासातही गाडीची घरघर खर्ज गिळते, तिथे वाढीव बास उपयोगी पडतो. तुमचं ऐकणं मुख्यतः असंच असेल, तर भडक हेडफोन घ्या आणि खुशाल घ्या. शांत खोलीत दोन-तीन तास ऐकणाऱ्याने मात्र समतोलच घ्यावा.

समतोल म्हणजे काहीही खपवून घ्यायचं असं नाही. कानाची नळी स्वतःच साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपासचे स्वर उचलून धरते, आणि चांगला हेडफोन हे लक्षात घेऊन बनवलेला असतो. माणसाचं साधं बोलणं मडक्यातून आल्यासारखं येत असेल, तर तो हेडफोन चुकलेला आहे. त्याची सवय करून घेत बसू नका.

‘पन्नास तास वाजवला की मोकळा होतो’ हे बरेच जण सांगतात. गाद्या मऊ होऊन कानाला नीट बसतात, तेवढा फरक पडतो. चष्म्याच्या काडीमुळे गादीत फट राहिली तरी बास पळतो. बाकीचा बदल बहुतांशी तुमच्या कानात घडलेला असतो. त्याची वाट पाहण्यात परत करण्याची मुदत उलटू देऊ नका.

ऐकून ठरवताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करा. जेमतेम १ डेसिबलने मोठा असलेला हेडफोन ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. बारीक फरक टिपायला चटचट अदलाबदल करावी लागते, कारण ऐकलेल्या आवाजाचा नेमका ठसा काही सेकंदच टिकतो. पण अशा अदलाबदलीतून फरक कळतो, निवड कळत नाही. त्यासाठी पाच-सहा दिवस एकच हेडफोन वापरा, मग दुसरा लावा, आणि गाण्याइतकंच ओळखीच्या माणसाचं बोलणं ऐका. खरा आवाज कसा असतो, हे आपल्याला बोलण्याचंच सर्वांत पक्कं ठाऊक असतं.

या दिवसांत व्हॉल्यूम कुठे सुरू केला आणि उठताना कुठे आहे, ते रोज पाहा. मोठ्या आवाजाने कान तात्पुरते बधिरतात आणि हात आपोआप व्हॉल्यूम वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८६ ला दहाच तास उरतात. ज्या हेडफोनवर रोज रात्री आकडा चढलेला दिसेल, तो पहिल्या दिवशी कितीही आवडला असला तरी परत करा.