आईची नेव्हिगेशनल ब्रॉन्कोस्कोपी, न्यू जर्सी: ५ पैकी ४ स्टार

आईच्या सीटीत उजव्या फुफ्फुसात १८ मिमीची गाठ दिसली आणि बायोप्सी कशी करायची यावरून घरात चार दिवस नुसता घोळ. एक पर्याय बरगड्यांमधून सुई, दुसरा तोंडातून दुर्बीण घालून कॉम्प्युटरवरच्या नकाशाने श्वासनलिकांतून गाठीपर्यंत जायचं. आम्ही दुसरा घेतला.

मला भीती एकच, गाठ हुकली तर? डॉक्टरांनी शांतपणे बसून व्हेरिटास ट्रायल समजावली, २०२५ मध्ये आलेली, अमेरिकेतल्या ७ सेंटरची, १० ते ३० मिमीच्या गाठींवरची. ही नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल, म्हणजे 'दुर्बीण सुईपेक्षा भारी का' हा मुख्य प्रश्नच नाही, 'ठरवलेल्या मर्यादेपलीकडे मागे तर पडत नाही ना' हा प्रश्न, आणि ती मर्यादा आधीच ठरवलेली, इथे १० टक्क्यांचा फरक. अचूक निदान दुर्बिणीने ७९ टक्के, सुईने ७३.६. पण यावरून दुर्बीण जिंकली असं समजू नका हं, तेवढ्या फरकाने ते सिद्ध होत नाही, मागे नाही एवढंच सिद्ध झालं. आमच्यासाठी तेवढं पुरेसं होतं कारण फुफ्फुसाबाहेर हवा साठायचं (न्यूमोथोरॅक्स) प्रमाण ३.३ विरुद्ध २८.३ टक्के, आणि ७१ वर्षांच्या बाईच्या छातीत ती हवा काढायला नळी घालायची वेळ येऊ नये हेच तर हवं होतं ना.

अशी ट्रायल कुणी दाखवली तर मर्यादा किती होती आणि किती पेशंटचा पत्ताच लागला नाही, हे दोन प्रश्न विचाराच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची न्यूमोथोरॅक्सवरची २०२० ची ट्रायल बघा, नळी न घालता नुसतं लक्ष ठेवलं तरी ९४.४ टक्के लोकांचं फुफ्फुस ८ आठवड्यांत फुललं, नळीवाल्यांत ९८.५, मर्यादा ९ ची म्हणून पास, पण ज्यांची माहितीच मिळाली नाही त्यांना फेल धरलं की फरक ११ वर जातो आणि मर्यादा ओलांडली जाते.

आता सर्व्हिस. पूर्ण भूल दिली, संध्याकाळी आई घरी, घसा दुखला आणि थुंकीत थोडं रक्त दिसलं ते दुसऱ्या दिवशी थांबलं. भूलवाली नर्स फार प्रेमळ, आईशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलली. एक स्टार कापला तो रिपोर्टसाठी, ९ दिवस लागले आणि मधे कुणाचा साधा फोनसुद्धा नाही, त्या दिवसांत आई नीट जेवली नाही.

रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा आला, म्हणजे सुजेमुळे झालेली गाठ, कॅन्सर नाही. तरी ६ महिन्यांनी सीटी आहेच, आणि आम्ही तो चुकवणार नाही, कारण व्हेरिटास ट्रायलमध्येही निदान बरोबर धरलं ते १२ महिने लक्ष ठेवल्यावरच.