डीफॉल्ट ब्राउझर बदलणे : संगणकावर आणि फोनवर
ठाण्यात नौपाड्यातील आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना डीफॉल्ट ब्राउझर (दुवा दाबल्यावर आपोआप उघडणारा ब्राउझर) बदलून देताना संगणक आणि फोन यांतील फरक स्पष्ट जाणवतो. २०२१ साली विंडोज ११ आले तेव्हा एचटीएमएल, एचटीटीपीएस अशा फाइल वा दुव्याच्या प्रत्येक प्रकारासाठी ब्राउझर स्वतंत्रपणे निवडावा लागे, आणि हा ग्राहकावर अन्यायच होता; २०२२ पासून सेटिंग्जमधील ‘डीफॉल्ट ॲप्स’मध्ये हवा तो ब्राउझर निवडून एकच बटण दाबले की भागते, तरीही टास्कबारमधून केलेला वेबशोध मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येच उघडतो. अँड्रॉइडवर काम झटपट होते. आयफोनवर ही सोय २०२० च्या आयओएस १४ पासून आहे, परंतु आपल्याकडे तेथील फायरफॉक्स हा ब्राउझरही ॲपलच्या वेबकिट इंजिनावरच (वेबपाने दाखवणाऱ्या मूळ यंत्रणेवरच) चालतो. अँड्रॉइडवर मात्र फायरफॉक्सचे स्वतःचे इंजिन आणि जाहिराती रोखणारी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) मिळतात, म्हणून बदलाचा खरा लाभ मला तेथेच दिसतो.