चिलटांवरची ‘जैविक’ पावडर: नागपुरात कुंड्या ठेवणाऱ्यांनी जरूर वाचा

कुंड्यांतली चिलटं घालवून देतो म्हणत ‘मोफत तपासणी’ला घरी आलेला माणूस पांढरी पावडर विकू लागला, तर आधी चिमूटभर पावडरीवर लिंबू पिळून बघा. पैशाचं मग बोला.

माझ्या गच्चीवर अनंत आहे, एक्झोरा आहे आणि एक अझेलिया. (नागपूरच्या उन्हाळ्यात अझेलिया जगवणं म्हणजे वेडेपणाच, पण हौसेला मोल नसतं.) तिघांनाही आम्लधर्मी माती लागते, अझेलियाला तर सामू (म्हणजे पीएच, मातीचा आम्लपणा दाखवणारा आकडा) साधारण ४.५ ते ६ हवा. आपली काळी माती नेमकी उलट, चुनखडीची. म्हणून कोकोपीट आणि पानांचं खत भरायचं, आणि मुळं बारीक, वरवर पसरणारी असल्यामुळे ते ओलंही ठेवायचं. चिलटांना आणखी काय पाहिजे? पावसाळ्यात कुंडीला धक्का लागला की काळी चिलटं भुर्रकन उडायची.

हा सल्लागार एका झाडांच्या प्रदर्शनात भेटला. वागणं गोड, ताई-ताई करणारा. घरी येऊन त्याने काडीने वरची माती उकरली आणि काळ्या डोक्याच्या, काचेसारख्या पांढऱ्या अळ्या दाखवल्या. अळ्या खऱ्याच होत्या, त्यामुळे माणूसही खरा वाटला. मग पिशवीतून डबा निघाला. “बॅक्टेरियावाली पावडर आहे ताई, अळी पोटातून मरते.” अर्धा किलोचे साडेचारशे. पावडर मातीवर जाडसर पसरायची आणि वरची माती सुकेपर्यंत पाणी द्यायचं नाही, एवढंच पथ्य.

गोम त्या पथ्यात होती. या अळ्या मातीच्या वरच्या दोन इंचांतच राहतात आणि तो थर सुकला की अंडी-अळ्या आपोआप मरतात. काम केलं कोरड्या मातीने, नाव झालं पावडरीचं. साहजिकच दुसरा डबाही विकला गेला.

पुढे अनंताची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. फोन केला तर त्याच्याकडे ‘लोहाचं टॉनिक’ तयारच! रोग त्याचा, औषधही त्याचंच.

शेजारच्या काकांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. पान हातात घेऊन ते म्हणाले, “हे तं आमच्या संत्र्यावर दिसते. चुनखडी जास्त झाली का झाडाले लोह भेटत नाही. कुंडीत चुना टाकला काय?” डब्यातली पावडर बशीत घेऊन लिंबू पिळलं, तर फसफसून फेस आला. बॅक्टेरिया असे फसफसत नाहीत. चुनखडीचीच भुकटी होती ती, म्हणजे आम्लप्रेमी झाडाला विषच.

चिलटांच्या अळ्यांवर चालणारा जिवाणू खरोखर आहे: बॅसिलस थुरिंजिएन्सिस, त्यातला ‘इस्राएलेन्सिस’ प्रकार. तो पाण्यात मिसळून मातीत ओततात. पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांसाठी मिळतो तो ‘कुर्स्टाकी’, त्याचा इथे उपयोग नाही. आणि १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे डब्यावर नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत छापलेली असावी लागते. माझ्या डब्यावर फक्त हिरव्या पानाचं चित्र होतं.

वरचा थर खरवडून काढला, झाडं नव्या मिश्रणात लावली. अनंत सावरला, अझेलियाची पानं गळताहेत, त्याचं काही खरं नाही. आता पिवळे चिकट सापळे लावलेत. मातीवर बटाट्याची चकती ठेवून दोन-तीन दिवसांनी उलटते, अळ्या असल्या तर खाली जमलेल्या दिसतात. एका पिढीला तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा आठवड्यात चिलटं कायमची घालवण्याची हमी कोणी देत असेल तर ती थापच समजा.

पावती मागितली होती तेव्हा “यूपीआयचा मेसेज आहे ना ताई” म्हणाला होता. तोच मेसेज जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे. त्याचा फोन आता लागत नाही. पण प्रतापनगरच्या माझ्या मावशीकडे तो परवाच येऊन गेला. पावडर तीच दिसते, डबा मात्र नवा आणि भाव सहाशे.