एटिमऑनलाइन: 'स्टोन'च्या नोंदीवरून केलेली पारख

डग्लस हार्पर यांचा 'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी' म्हणजेच एटिमऑनलाइन हा इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश फुकट वापरता येतो. कोशाची परीक्षा घ्यायची तर अवघड शब्द काढू नये, रोजचा काढावा. मी भूशास्त्र शिकवतो, म्हणून 'स्टोन' काढला.

जुन्या इंग्रजीत 'स्टान', जर्मनमध्ये 'श्टाइन' हे अपेक्षितच होतं. मजा त्याच्या पुढे आहे. मूळ धातूचा एक अर्थ घट्ट होणं, थिजणं असा दिलाय. त्यामुळे चरबीसाठीचा ग्रीक शब्द 'स्टेआर' याच गोतावळ्यात येतो, आणि त्याच्यामागोमाग साबणाच्या वेष्टनावर दिसणारं स्टिअरिक ॲसिडही. संस्कृतातलं 'स्त्यायते', म्हणजे गोठतं, तेही इथलंच. इथे मी सरसावून बसलो. पतंजलीच्या योगसूत्रांत (१.३०) व्याधीच्या पाठोपाठ जो अडथळा सांगितलाय तो 'स्त्यान', चित्ताचं जडत्व, याच धातूचा! ही शेवटची जोड मात्र आपली आपण लावायची, नोंदीत ती नाही. संस्कृत शब्द रोमन लिपीत छापलेले असल्याने पटकन ओळखूही येत नाहीत.

नवख्यांनी एक सांभाळावं. काही रूपांआधी छोटी चांदणी असते. ती रूपं कुठे लिहिलेली सापडलेली नाहीत, अभ्यासकांनी तुलनेने बांधलेली आहेत. चांदणी नजरेतून सुटली की माणूस 'स्टाइनाझ' हा 'स्टोन'चा असाच बांधलेला पूर्वज शब्द कुणीतरी शिलालेखात वाचलाय असं समजून बसतो.

अर्थांचा पसारा आटोपशीर दिलाय: फळातली कोय, मूत्रपिंडातला खडा, नशेत धुंद असणं. वजनाचा स्टोन मला सर्वांत आवडला. आज तो १४ पौंडांचा, म्हणजे साधारण ६.३५ किलोचा. ब्रिटनमध्ये माणसं अजूनही आपलं वजन त्यात सांगतात. पण पूर्वी मालागणिक तो बदलायचा, लोकरीचा वेगळा आणि मांसाचा वेगळा. पारड्यात खरोखरचा दगडच टाकत असतील तर दुसरं काय होणार?

या कोशाची खरी गंमत एका नोंदीतून दुसरीत उडी मारण्यात आहे. 'टंगस्टन' उघडा: स्वीडिशमध्ये 'जड दगड'. (रसायनातलं चिन्ह डब्ल्यू हे मात्र त्याच्याच दुसऱ्या नावावरून, 'वोल्फ्राम'वरून.) मग 'रॉक' उघडा. हा शब्द मध्ययुगीन लॅटिन 'रोक्का'पर्यंत मागे जातो आणि तिथे वाट बुजते. कोश सरळ सांगतो की पुढचं मूळ ठाऊक नाही. ओढूनताणून कथा जुळवणाऱ्या कोशांपेक्षा हे कितीतरी बरं. रॉक अँड रोलमधला 'रॉक' तर निराळाच, डोलणे या अर्थाच्या क्रियापदातला. ते वर्गात सांगितलं की माझे विद्यार्थी हिरमुसतात.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो मजकूर फार दाटीवाटीने बसवल्याबद्दल. इसवीसनही जपून वाचावेत, कारण ते शब्द पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तेव्हाचे आहेत, जन्माचे नव्हेत. जुन्या ग्रंथांतली वाक्यं कालक्रमाने हवी असतील त्यांनी ऑक्सफर्डचा मोठा कोश गाठावा.