ग्रब की सिस्टमडी-बूट? बूटलोडरमध्ये केलेला बदल लागूच होत नाही त्यांच्यासाठी

एकाच लॅपटॉपवर दोन लिनक्स ठेवणाऱ्यांनी बूटलोडर (मशीन चालू झाल्यावर सिस्टम उठवणारा प्रोग्रॅम) कुठला घ्यावा, तर मी दोन्ही वापरलेत म्हणून सांगतो.

ग्रबला नावं ठेवणार नाही. जुनी बायॉसवाली मशीन असेल तर ग्रबच घ्या, सिस्टमडी-बूट फक्त यूईएफआयवर, म्हणजे बायॉसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरवर चालतं. सिक्युअर बूट (फक्त साइन केलेलंच बूट होऊ देणारी सोय) चालू ठेवायचं असेल तरी उबंटू, डेबियनमध्ये ग्रब शिमसकट (त्याच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) साइन होऊन येतं, वेगळी खटपट नाही.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. कोपरखैरण्याला घरी माझ्या लॅपटॉपवर मिंट आणि डेबियन दोन्ही होते. सस्पेंडनंतर स्क्रीन काळीच राहायची म्हणून मिंटमध्ये कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) बूटच्या वेळी एक पॅरामीटर द्यायचा होता, ग्रबची सेटिंगची फाइल बदलली, अपडेट-ग्रब (मेनूची ग्रब.सीएफजी फाइल नव्याने बनवणारी कमांड) चालवलं, एकही एरर नाही, रीस्टार्ट केलं तर जैसे थे. शनिवार-रविवार त्यातच गेला. सोमवारी ठाण्याला जाताना ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभ्याउभ्या डोक्यात आलं की अरे, समोर येतो तो मेनू मिंटचाच आहे कशावरून? रात्री एफीबूटएमजीआर ही कमांड चालवून बूटकरंट, म्हणजे आत्ता कुठल्या नोंदीवरून बूट झालंय ते बघितलं तर मशीन डेबियनच्या ग्रबवरून उठत होती, आणि त्या मेनूतली मिंटची ओळ ओएस-प्रोबरने (मशीनवरच्या दुसऱ्या सिस्टम शोधणारं टूल) आधी कधीतरी उतरवून घेतलेली, जुन्याच पॅरामीटरसकट! मी मिंटची ग्रब.सीएफजी बदलत बसलो होतो आणि ती वाचतच कोणी नव्हतं. डेबियनमध्ये जाऊन अपडेट-ग्रब केलं तेव्हा कुठे बदल दिसला. दर वेळी हे दोन्हीकडे करायचं, मला नाही जमलं.

सिस्टमडी-बूटमध्ये ही मधली उतरवलेली फाइल नाही. प्रत्येक एंट्रीची चार-पाच ओळींची फाइल, त्यात ऑप्शन्सची ओळ बदलली की पुढच्या बूटला तीच वाचली जाते. नवा कर्नल आला की त्याची एंट्री नव्याने बनते, म्हणून कायमचा बदल ईटीसीतल्या कर्नल फोल्डरमध्ये सीएमडीलाइन फाइलमध्येही लिहायचा. इथेही एक गोम आहे, मेनूत असताना टी दाबून टाइमआउट बदलला असेल तर तो एनव्हीरॅममध्ये (फर्मवेअरच्या स्वतःच्या मेमरीत) बसतो आणि मग लोडर.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधला आकडा चालत नाही. शिवाय कर्नल ईएसपीवर (यूईएफआय बूटसाठीचं वेगळं पार्टिशन) राहतात, विंडोजने केलेलं 100 एमबीचं ईएसपी असेल तर जागा पुरणं कठीण.

प्रत्येकाची मशीन वेगळी, पण यूईएफआय असेल आणि ईएसपीला 1 जीबी देता येत असेल तर मी तरी सिस्टमडी-बूटच घेईन. ग्रबवरच राहणार असाल तर बदल केल्यावर रीस्टार्ट करून आधी प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन (चालू कर्नलला मिळालेले पॅरामीटर दाखवणारी फाइल) उघडून बघा, त्यात तुमचा पॅरामीटर नसेल तर मेनू दुसऱ्याच ग्रबचा आहे का ते तपासा.